साठ वह्या आणि एक जांभळा दिवा : हिटलरच्या बनावट डायऱ्यांचे प्रकरण

25 एप्रिल 1983 रोजी हॅम्बुर्गमध्ये ‘श्टेर्न’ या साप्ताहिकाने जगभरच्या पत्रकारांना बोलावून जाहीर केले, की हिटलरने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या डायऱ्या आपल्या हाती लागल्या आहेत. वह्या साठाच्या वर होत्या, किंमत 93 लाख मार्क. बारा दिवसही उलटले नाहीत तोच, 6 मे रोजी, पश्चिम जर्मनीच्या केंद्रीय अभिलेखागाराने त्या साफ बनावट ठरवल्या. या प्रकरणावर इतिहासकारांनी, पत्रकारांनी, वकिलांनी ढीगभर लिहिले आहे. इथे मात्र ते रसायनाच्या बाजूने पाहायचे आहे. सुमारे दोन वर्षे जी गोष्ट तज्ज्ञांच्या सह्या आणि बँकेच्या तिजोऱ्या यांत अडकून पडली, ती अतिनील दिव्याखाली एक पान धरले असते तर काही मिनिटांत खिळखिळी झाली असती. दिवा होता, तो वापरणारी माणसे होती, तंत्रही जुनेच होते. प्रश्न चुकीच्या क्रमाने विचारले गेले, एवढेच.

वह्या कुठून आल्या

कहाणीचा पाया खरा होता, म्हणून ती पचली. एप्रिल 1945 मध्ये बर्लिनला वेढा पडत असताना हिटलरच्या गोटातली माणसे आणि सामान विमानांनी दक्षिणेकडे हलवण्याची मोहीम झाली. त्यातले एक विमान 21 एप्रिलला ड्रेस्डेनजवळच्या ब्योर्नर्सडोर्फ गावाशेजारी कोसळले. त्यात आपले महत्त्वाचे कागद होते, असे हिटलर हळहळून म्हणाल्याची आठवण त्याचा वैमानिक हान्स बाउर याने पुढे सांगितली होती. कसले कागद, हे कोणालाच ठाऊक नव्हते. खोट्या मालाला यापेक्षा सोयीची जागा मिळणे कठीण.

‘श्टेर्न’चा बातमीदार गेर्ड हायडेमान नाझी काळातल्या वस्तूंच्या नादी लागलेला माणूस होता; नाझी नेता गोरिंग याची जुनी यॉट त्याने विकत घेतली होती. त्याने ब्योर्नर्सडोर्फला जाऊन अपघातात मेलेल्यांची थडगीही पाहिली आणि त्याची खात्री पटली. श्टुटगार्टचा एक विक्रेता त्याला वह्या मिळवून देऊ लागला. हा विक्रेता स्वतःला ‘फिशर’ म्हणवत असे. खरे नाव कोनराड कुयाऊ. पूर्व जर्मनीतल्या बड्या अधिकाऱ्यामार्फत एकेक वही चोरून येते आहे, जास्त चौकशी केली तर माणसांच्या जिवावर बेतेल, असे सांगितले गेले. 1981 पासून प्रकाशन कंपनीचे पैसे रोखीने जाऊ लागले, वह्या येऊ लागल्या. पैशांतला मोठा वाटा वाटेतच हायडेमानकडे थांबत होता, हे नंतर उघड झाले.

कुयाऊने काय केले होते? पूर्व बर्लिनमध्ये मिळणाऱ्या साध्या वह्या घेतल्या. पेलिकन शाई पाण्याने थोडी पातळ केली, म्हणजे स्वस्त निबातून ती नीट उतरावी. लिहून झाल्यावर पानांवर चहा ओतला, वह्या टेबलावर आपटून कोपरे झिजवले. मुखपृष्ठावर जुन्या वळणाची अक्षरे चिकटवली. त्यात ‘ए’ समजून ‘एफ’ लावला गेला. म्हणजे अडॉल्फ हिटलरच्या डायरीवर ‘एफ. एच.’ अशी आद्याक्षरे! हे कोणाला खटकले नाही असेही नाही, पण खटकलेल्या गोष्टीला काहीतरी अर्थ लावून देण्याची तयारी तोवर सगळ्यांनी केली होती.

हस्ताक्षरतज्ज्ञ बरोबर होते

‘श्टेर्न’ने तपासणी केलीच नाही, असा एक गैरसमज आहे. तपासणी झाली. 1982 मध्ये काही सुटी पाने तज्ज्ञांकडे गेली. झुरिच पोलिसांच्या वैज्ञानिक विभागाचे माजी प्रमुख माक्स फ्राय-झुल्त्सर आणि अमेरिकेतले नामांकित दस्तऐवज-परीक्षक ऑर्डवे हिल्टन हे त्यांत होते. दोघांनी हस्ताक्षर हिटलरचेच असल्याचा निर्वाळा दिला. हिल्टन यांना जर्मन वाचता येत नव्हते, यावर नंतर बरीच थट्टा झाली. ती मला फारशी पटत नाही. अक्षराचे वळण, दाब, जोड आणि उतार पाहायला भाषा यावीच लागते असे नाही.

खरा घोळ तुलनेच्या नमुन्यांत होता. हिटलरचे ‘अस्सल’ हस्ताक्षर म्हणून जे कागद त्यांच्यापुढे ठेवले गेले, त्यांतले काही हायडेमानच्या संग्रहातून आले होते आणि ते कुयाऊनेच लिहिलेले होते. म्हणजे तज्ज्ञांना प्रश्न असा पडला, की हे दोन कागद एकाच हाताचे आहेत का. उत्तर ‘होय’ हेच होते, आणि ते खरे होते. तो हात कोणाचा, एवढेच चुकले.

संदर्भ नमुना कुठून आला, कोणाच्या ताब्यात होता आणि वादग्रस्त कागदाच्या मालकाचा त्याच्याशी काय संबंध, हे आधी तपासावे लागते. आपल्याकडे मृत्युपत्रांच्या दाव्यांत बँकेतली नमुना सही किंवा नोंदणी कार्यालयातला दस्त मागवतात त्यामागे हेच कारण असते. पक्षकाराने घरून आणलेली जुनी पत्रे कामाची असतात, पण एकट्याने पुरत नाहीत.

दुसरी गोष्ट क्रमाची. हे कोणी लिहिले, याचे उत्तर मतावर अवलंबून असते. दोन चांगले तज्ज्ञ दोन मते देऊ शकतात. हा कागद 1945 पूर्वी अस्तित्वात असू शकत होता का, या प्रश्नाला मतांची गरज कमी. ‘नाही’ असे उत्तर आले की पुढचे हस्ताक्षर देवाने लिहिलेले असो. स्वस्त, झटपट आणि पान न बिघडवणारी चाचणी आधी करायची, हा नियम प्रयोगशाळेत नवशिक्यालाही सांगतात. इथे मात्र साप्ताहिकाने सर्वांत महागडे मत आधी विकत घेतले.

गुप्तता हेही कारण होते. पूर्ण वही बाहेर गेली तर बातमी फुटेल या भीतीने मोजकीच पाने देण्यात आली. पुढे मार्च 1983 मध्ये पोलिसांच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडून, दिलेल्या काही नमुन्यांत युद्धानंतरचे द्रव्य चमकते आहे, असा इशारा आला. आणखी तपासायला वेळ हवा, असेही सांगण्यात आले. नमुन्यांत डायरीच्या पानाबरोबर इतरही कागद होते, त्यामुळे चमकले ते दुसरे काहीतरी असेल, अशी समजूत करून घेता आली. छपाईची तारीख ठरलेली होती आणि विदेशी हक्कांचे सौदे चालू होते. ती समजूत सोयीची होती.

चमकते ते काय

पांढरा कागद खरे तर पिवळसर असतो. लाकडाचा किंवा चिंध्यांचा लगदा कितीही धुतला, तरी तो निळा प्रकाश थोडा शोषतोच, म्हणून डोळ्याला पिवळेपणा जाणवतो. हा पिवळेपणा झाकायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे नीळ : ती पिवळा प्रकाश शोषते, रंगाचा तोल साधते, पण एकूण उजेड कमी करते. दुसरा मार्ग आपल्या घराघरांत टिनोपाल, रानीपाल या नावांनी पोचला. त्या पुडीतल्या द्रव्यात आणि या प्रकरणातल्या कागदात सापडलेल्या द्रव्यात नाते जवळचे आहे.

ऑप्टिकल ब्राइटनर म्हणून ओळखली जाणारी ही द्रव्ये बहुतेक स्टिल्बीनच्या घराण्यातली. दोन बेंझिन कडी, मध्ये कार्बनचा दुहेरी बंध, दोन्ही टोकांना नायट्रोजनयुक्त कड्या आणि पाण्यात विरघळावे म्हणून सल्फोनिक आम्लाचे गट. सगळा रेणू चपटा आणि सलग. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इलेक्ट्रॉन पसरलेले. असा रेणू 340 ते 370 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण शोषतो. हे किरण आपल्याला दिसत नाहीत. ऊर्जा मिळालेला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, तिथे काही क्षण रेणू थरथरतो, त्या थरथरीत थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सांडते, आणि उरलेली ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन खाली येताना प्रकाश देतो. ऊर्जा कमी झाली म्हणजे तरंगलांबी वाढली. त्यामुळे बाहेर पडणारा प्रकाश 420 ते 470 नॅनोमीटरचा, निळा, दिसणारा असतो. 365 नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा साधारण 3.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, 440 च्या फोटॉनची 2.8, मधले 0.6 कागद गरम करण्यात गेले. हा सगळा व्यवहार नॅनोसेकंदाच्या हिशेबात आटोपतो, म्हणून दिवा विझवताच चमक थांबते. याला प्रतिदीप्ती म्हणतात. दिवा विझल्यावरही मंद उजळत राहणारे द्रव्य वेगळ्या वाटेने ऊर्जा सोडते, ती इथे कामाची नाही.

आत गेलेल्या प्रकाशापेक्षा बाहेर आलेला प्रकाश लांब तरंगाचा असतो, हे जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये क्विनीनच्या द्रावणावर दाखवले. दिसणारा प्रकाश अडवून अतिनील तेवढे जाऊ देणारी काळी काच रॉबर्ट वुड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवली. पाऱ्याचा दिवा आणि वुडची काच, एवढ्यावर न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे अर्धे शतक चालले. दिव्यातून जी किंचित जांभळी छटा दिसते ती गळून आलेल्या प्रकाशाची. काम करणारे किरण अदृश्यच असतात.

आता कुयाऊच्या चहाकडे येऊ. साध्या उजेडात चहाच्या टॅनिनमुळे पान तपकिरी दिसते आणि डोळा फसतो. कारण त्या उजेडात ब्राइटनरची निळी झाक हा एकूण प्रकाशाचा लहानसा भाग असतो आणि तपकिरी रंग तिला सहज गिळतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला की पानावर पडणारा प्रकाश अदृश्य असतो, त्यामुळे जे काही दिसते ते कागदाने स्वतः दिलेले असते. चहाचे डाग तिथे गडद दिसतील, मधला कागद निळसर पांढरा पेटेल. ब्राइटनरचा चपटा रेणू सेल्युलोजच्या तंतूला हायड्रोजन बंधांनी चिकटून बसलेला असतो. तंतूला चिकटल्यामुळे त्याला वळवळता येत नाही, म्हणून ऊर्जा हालचालीत वाया न जाता तो आणखी चांगला चमकतो. चहा ओतून तो पुरता निघून जात नाही. जुना दिसणारा कागद बनवायला चहा पुरे. जुना कागद बनवायला तो पुरत नाही.

तारखेचा पुरावा आणि त्यातली फट

अभिलेखागाराच्या तपासणीत डायऱ्यांच्या कागदात ‘ब्लांकोफोर’ या नावाने विकले जाणारे ब्राइटनर निघाले. कागदात ते युद्धकाळात वापरले जात नव्हते. त्याचा वापर 1950 च्या दशकात रुळला. निकाल इतका सरळ वाटतो, की इथेच थांबावेसे वाटते. चांगला वकील मात्र इथूनच सुरुवात करील.

कारण ब्राइटनरची कल्पना जुनी आहे. घोडचेस्टनटच्या सालीतल्या एस्क्युलिनने कापड उजळते, हे पाउल क्राइस यांनी 1929 मध्येच दाखवले होते. स्टिल्बीन जातीची ब्राइटनरे जर्मनीतल्याच ई. गे. फार्बेन या महाकंपनीने 1940 च्या सुमारास काढली. ब्लांकोफोर हे नाव त्याच घराण्यातले. मग हिटलरच्या कचेरीत असा कागद पोचलाच नसेल कशावरून? द्रव्य कधी शोधले गेले आणि ते कागदाच्या गिरणीत नेहमीच्या वापरात कधी आले, या दोन तारखा वेगळ्या असतात, आणि पुराव्याला दुसरी लागते. ती मिळते ती त्या काळातले खरे कागद शेकड्यांनी पाहून. अभिलेखागाराची ताकद इथे होती. राइशच्या, म्हणजे नाझी राजवटीच्या, कचेऱ्यांतले अस्सल, तारीखवार कागद त्यांच्या कपाटांत होते. त्याच दिव्याखाली तो युद्धकाळातला कागद मळकट, निस्तेज दिसतो. वादग्रस्त पान एकटे चमकले याला अर्थ कमी. शेजारी ठेवलेली खरी पाने चमकत नाहीत, याला अर्थ जास्त.

दुसरी फट संसर्गाची. ब्राइटनर असलेल्या नव्या कागदात जुने पान ओलसर अवस्थेत दाबून ठेवले, दुरुस्तीसाठी नवा कागद चिकटवला किंवा साबणाच्या चुऱ्याचा स्पर्श झाला, तर जुने पानही ठिपक्याठिपक्यांनी चमकते. म्हणून चमक कडेला आहे की सगळ्या पानभर, वरवर आहे की तंतूंच्या आतपर्यंत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. लगद्यातच मिसळलेले ब्राइटनर सगळीकडे सारखे दिसते.

आणि एकाच खुंटीवर सगळे टांगायचे नाही, म्हणून बांधणी उसवून पाहिली गेली. तिच्यात पॉलिएस्टर निघाले. हा तंतू इंग्लंडमध्ये 1941 मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला. टेरिलीन म्हणून आपल्याकडच्या एका पिढीने तो शर्टांत मिरवला. व्यापारी प्रमाणावर त्याचे उत्पादन 1953 च्या आसपास सुरू झाले. शत्रुराष्ट्रातल्या प्रयोगशाळेतला तंतू हिटलरच्या वहीच्या बांधणीत शिरला, असे म्हणायला फार मोठी कल्पनाशक्ती लागते. कागद आणि दोरा यांचा एकमेकांशी संबंध नाही, दोघांच्या चाचण्या वेगळ्या, आणि दोघे एकाच दशकाकडे बोट दाखवतात. ब्राइटनरच्या पुराव्यातली फट तिथे बुजली.

शाई : हाच अवघड भाग

हॅम्बुर्गच्या त्या पत्रकार परिषदेत एक गृहस्थ उठून विचारत होता, की शाई तपासली आहे का. तो डेव्हिड आयर्व्हिंग. हिटलरची तरफदारी करणारा हा लेखक पुढे 2000 मध्ये लंडनच्या न्यायालयात पुरावे वाकवणारा म्हणून उघडा पडला. पण त्या दिवशी त्याचा प्रश्न अगदी रास्त होता आणि व्यासपीठाकडे त्याचे उत्तर नव्हते. व्यासपीठावरच बसलेले इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर, ज्यांनी आधी स्वित्झर्लंडच्या बँकेत वह्या पाहून त्या खऱ्या असल्याचे म्हटले होते, तेही त्या दिवशी जाहीरपणे डळमळले. ज्या ‘संडे टाइम्स’ने इंग्रजी हक्क घेतले होते, तो 1968 मध्ये मुसोलिनीच्या बनावट डायऱ्यांत एकदा हात पोळून घेतलेला पेपर, हा आणखी एक विनोद.

शाईला दोन प्रश्न विचारता येतात : ही कोणती, आणि ही कागदावर कधी आली. पहिल्याचे उत्तर बऱ्यापैकी मिळते. बारीक पोकळ सुईने रेषेतून मिलिमीटरभराचा ठिपका काढायचा, थेंबभर द्रावकात विरघळवायचा आणि थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर चढवायचा. डोळ्याला एकच निळी वाटणारी शाई तिथे तीन-चार रंगांत फुटते, आणि अतिनील दिव्याखाली न दिसलेले पट्टेही उजळतात. मग ओळखीच्या शाईंच्या संग्रहाशी ताडायचे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसकडे हजारो शाईंचा असा संग्रह आहे. 1970 च्या दशकात तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने शाई-उत्पादकांना दरवर्षी शाईत वेगळी खूणद्रव्ये टाकायला सांगितले होते. त्यांत प्रकाश देणारी द्रव्येही होती. बाटली भरतानाच वर्षाचा शिक्का.

सुईसुद्धा न लावता करायची चाचणी आणखी देखणी आहे. शाईवर निळा-हिरवा प्रकाश टाकायचा (पूर्वी तो मोरचुदाच्या द्रावणातून गाळत) आणि अवरक्त भागातला प्रकाश तेवढा टिपायचा. काही शाईंतले रंगद्रव्य हा प्रकाश घेऊन 700 नॅनोमीटरच्या पलीकडे चमकते, काही अजिबात नाही. चेकवरच्या 1 चा 4 केला असेल, तर एक काडी उजळ आणि दुसरी काळी दिसते. काजळाची शाई अवरक्तात काळीच राहते, रंगद्रव्यांची शाई बहुधा विरून जाते, आणि मायफळ-हिराकसाची शाई या दोघींच्या मध्ये हळूहळू फिकी होते. आपल्याकडच्या काजळाच्या शाईतल्या जुन्या पोथ्यांचे अवरक्त फोटो डागाळलेल्या पानांवरही स्वच्छ येतात ते यामुळे. डायऱ्यांमध्ये मात्र खाडाखोडीचा प्रश्नच नव्हता. सगळेच्या सगळे एका हाताने लिहिलेले होते. म्हणून ही देखणी चाचणी इथे दुय्यम ठरते.

दुसरा प्रश्न, ‘कधी’, हा खरा कठीण. कागदावर आल्यापासून शाईत काहीतरी मोजण्याजोगे बदलत असले पाहिजे. बॉलपेनच्या शाईत फिनॉक्सिइथेनॉल हा द्रावक पहिली एक-दोन वर्षे उडत राहतो, तो मोजतात. टाकाच्या शाईत असा द्रावक नाही. तिथे पाणी, आणि ते मिनिटांत वाळते. डायऱ्यांच्या बाबतीत क्लोराइडचा आधार घेण्यात आला. शाईतल्या क्लोराइडवरून लिखाण दोन वर्षांपेक्षाही कमी जुने असल्याचा निष्कर्ष निघाला. वर्तमानपत्री वृत्तांतांत हे क्लोराइड ‘उडून जाते’ असे येते. रसायनाच्या विद्यार्थ्याला ते खटकेल. मिठासारखे क्षार उडत नाहीत. जर्मन परीक्षकांनी 1930 च्या दशकातच रूढ केलेल्या पद्धतीत तत्त्व वेगळे आहे : हवेतल्या ओलाव्याबरोबर क्लोराइडचे आयन रेषेतून आजूबाजूच्या तंतूंत हळूहळू सरकतात. चांदीच्या क्षाराने ते जागच्या जागी पकडून दृश्य केले की ताज्या रेषेभोवती धार काटेकोर दिसते, जुन्या रेषेभोवती पसरट. दमट हवा, कागदाला लावलेली खळ, शाईतले सुरुवातीचे प्रमाण, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. म्हणून लिखाण 1941 चे की 1943 चे, असे त्यावरून सांगायचे धाडस कोणी करणार नाही. पण चाळीस वर्षे की दोन वर्षे, एवढा ढोबळ प्रश्न असेल तर उत्तर मिळते. इथे प्रश्न तेवढाच ढोबळ होता.

कुयाऊने शाईत पाणी घातले तेव्हा निबाचा विचार केला, आयनांचा नाही.

मजकूर, आणि मग तुरुंग

मजकुराची तपासणी समांतर चालू होतीच. माक्स डोमारुस यांनी 1960 च्या दशकात संपादित केलेल्या हिटलरच्या भाषणांच्या संग्रहातून कुयाऊने बेधडक उचलले होते, त्यातल्या चुकांसकट. जनरल फॉन एप यांच्या लष्करी सेवेला पन्नास वर्षे झाल्याबद्दल हिटलरने त्यांना तार पाठवली होती; डायरीत मात्र ती एप यांच्याकडून हिटलरला आलेली. चूक संग्रहातली, म्हणजे डायरी संग्रहानंतरची. कागद, दोरा आणि मजकूर, तिघांनी स्वतंत्रपणे वीसेक वर्षांच्या आतबाहेर एकच काळ सांगितला; शाईने तो आणखी जवळ आणला.

मे महिन्यात कुयाऊ पोलिसांच्या हाती आला आणि त्याने कबुलीजबाब लिहून दिला. हिटलरच्या हस्ताक्षरात. संपादकांनी राजीनामे दिले. जुलै 1985 मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने कुयाऊला साडेचार वर्षांची आणि हायडेमानला चार वर्षे आठ महिन्यांची शिक्षा सुनावली. सुटून आल्यावर कुयाऊ ‘अस्सल कुयाऊ बनावट’ म्हणून नामवंत चित्रांच्या नकला उघडपणे विकू लागला, आणि मग त्याच्याही नकला निघाल्या. तो 2000 मध्ये वारला. वह्या 2023 मध्ये ज्या अभिलेखागाराने त्या खोट्या ठरवल्या त्याच्याच हवाली करण्याचे ठरले.

कागद खराच जुना असता तर

मला या प्रकरणातला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कुयाऊ आळशी होता. जुन्या हिशेबवह्यांची कोरी पाने जुन्या बाजारात तेव्हाही मिळत होती. ती घेतली असती तर ब्राइटनर नाही, सुती दोरा लावला असता तर पॉलिएस्टर नाही, आणि दिव्याखाली पान मळकटच दिसले असते. अतिनील दिवा ‘नाही’ म्हणू शकतो. ‘होय’ म्हणण्याची त्याला सोयच नाही. पान चमकले नाही याचा अर्थ फक्त या चाचणीत दोष दिसला नाही, इतकाच. मग सगळा भार शाईवर आला असता, आणि शाईचा ‘कधी’ किती नाजूक आहे ते वर पाहिलेच.

असा मेहनती माणूस त्याच सुमारास अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत कामाला लागलेला होता. मार्क हॉफमन जुन्या पुस्तकांतली कोरी पाने कापून घेई, मायफळ-हिराकसाची शाई जुन्या कृतीने घरी बनवी, आणि लिहून झाल्यावर रसायनांनी ती झटपट जुनी करी. मॉर्मन पंथाच्या इतिहासाशी जोडलेले त्याचे कागद चांगल्या तज्ज्ञांनी खरे मानले. सतराव्या शतकातला म्हणून त्याने आणलेला एक छापील कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसपर्यंत गेला, तपासला गेला, आणि त्याविरुद्ध जाणारे काही सापडले नाही. भांडे फुटायची वेळ आली तेव्हा ऑक्टोबर 1985 मध्ये त्याने बॉम्ब ठेवून दोन माणसांचा जीव घेतला.

जॉर्ज थ्रॉकमॉर्टन आणि विल्यम फ्लिन या दोन दस्तऐवज-परीक्षकांनी त्यानंतर हॉफमनच्या हातून गेलेले आणि न गेलेले शेकडो कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्याच्या कागदांवरची शाई सूक्ष्मदर्शकाखाली सुसरीच्या कातडीसारखी तडकलेली दिसत होती. त्याच काळातल्या खऱ्या कागदांवर ती तशी नव्हती. अतिनील दिव्याखाली त्याच्या पानांवर निळसर धुरकट झाक होती, आणि ओले पान टांगून वाळवल्यासारखा शाईचा ओघ एकाच दिशेला गेलेला होता. फ्लिन यांनी मग स्वतः शाई ढवळली. डिंक घातलेली मायफळाची शाई कृत्रिमपणे जुनी केली की तडे जातात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. कागद खरा होता, शाईची कृतीही खरी होती. घाईने आणलेले म्हातारपण तेवढे खोटे होते, आणि माग तिथेच लागला. जानेवारी 1987 मध्ये हॉफमनने गुन्हा कबूल केला.